यॉर्कशायरची वंशावळ: दर वेळी चुकीचाच जेम्स का येतो आणि त्याला बाहेर कसं काढायचं

आधी प्रॉब्लेम काय ते सांगते. सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या घराण्याची वंशावळ फ्रेम करून द्यायची असं मी सहा महिने आधी घरात जाहीर करून टाकलं, आणि मग कळलं की आपण कशात पाय घातलाय. सासरचे लोक मूळचे स्वेलडेलच्या (डेल म्हणजे खोरं) वरच्या टोकाचे, म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या नॉर्थ रायडिंगमधले (रायडिंग म्हणजे यॉर्कशायरचे जुने तीन विभाग: नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट), पिढ्यान्पिढ्या मेंढ्या, थोड्या गाई आणि दगडी कुंपणं. आडनाव इथे देत नाही पण स्वेलडेलमध्ये डोळे मिटून दगड मारला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल असलं आहे. वरच्या डेलमध्ये निम्मे लोक ऑल्डरसन, उरलेल्यांत मेटकाफ, हार्कर, पीकॉक, कॅल्व्हर्ट, आणि पुरुषांची नावं तर इनमीन पाच: जॉन, जेम्स, जॉर्ज, थॉमस, विल्यम. यातूनच सगळं लफडं होतं.

वंशावळीच्या साइटवर मी बनवत होते त्या ट्रीमध्ये काय झालं होतं बघा. खापरपणजोबा जेम्स, जन्म साधारण १८११. १८४८ सालात त्याला स्वेलडेलमध्ये एक मुलगा झाला आणि सहा महिन्यांनी अमेरिकेत आयोवामधल्या डब्यूकला एक मुलगी झाली, दोन वेगळ्या बायकांपासून, आणि तो स्वतः १८६१च्या जनगणनेत म्यूकरला गाईंचं दूध काढत बसलेला. म्हणजे एक तर खापरपणजोबा फारच उद्योगी होते किंवा मी दोन माणसं एकात कालवली होती. मी काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात साइटने परत हिंट दिली (म्हणजे 'हा तुमचाच माणूस का' अशी आपोआप येणारी सूचना), मी घाईत परत ॲक्सेप्ट केली, परत आयोवा. असं तीनदा झालं. तुमच्या ट्रीमध्ये कोणी मेल्यावर लग्न करत असेल, आई मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल किंवा एकच माणूस दोन गावांत शेती करत असेल तर हेच दुखणं आहे, आणि साइट बदलून ते जात नाही, मी बदलून पाहिली.

सगळ्यात आधी करायचं काम कंटाळवाणं आहे. हिंट्स बंद करा आणि दुसऱ्यांच्या पब्लिक ट्रीमधून जे जे उचललंय ते सगळं डिटॅच करा. मला रडू आलं कारण १७०० सालापर्यंत गेलेली सुंदर फांदी एका क्लिकमध्ये गेली, पण ती आपली नव्हतीच ना. त्या फांदीवर चाळीस लोकांनी शिक्कामोर्तब केलेलं होतं, नंतर कळलं की सगळ्यांनी एकाच्या ट्रीवरून कॉपी मारलेली.

मग कागद घ्या. हो कागदच. आपल्या माणसाच्या जन्मसालाच्या दहा वर्षं अलीकडे आणि दहा वर्षं पलीकडे त्या भागातल्या चॅपलमध्ये (मोठ्या चर्चच्या हाताखालचं छोटं चर्च) त्या नावाची जेवढी पोरं बाप्तिस्म्याला आणली गेली ती सगळी एका खाली एक लिहायची: बापाचं नाव, आईचं असेल तर, आणि गावठाण. मला पाच जेम्स मिळाले. आता प्रत्येकाला पुढे हाकत न्यायचं, याचं लग्न कुठे, याचं दफन कधी, हा परदेशी गेला का. दोन जेम्स लहानपणीच गेले होते, दफनाच्या रजिस्टरमध्ये 'अमक्याचा मुलगा' म्हणून नोंद मिळाली. एक रीथला जाऊन चांभारकी करायला लागला. राहिले दोन. आपला माणूस कोण हे शोधण्याआधी आपला माणूस कोण नाही हे ठरवायचं, बाकीची सगळी नावं काट मारून संपली की उरतो तो. लोक उलटं करतात, पहिला जेम्स दिसला की घाल ट्रीमध्ये, मीपण तेच केलं होतं.

आता हे दोन जेम्स वेगळे का दिसत नव्हते? १८४१च्या जनगणनेमुळे. त्या वर्षी १५ वर्षांच्या वरच्या लोकांचं वय मोजणाऱ्याने जवळच्या खालच्या पाचावर आणून लिहायचं असा नियम होता. म्हणजे ३० पासून ३४ पर्यंतचे सगळे '३०'. सगळ्यांनीच पाळला असं नाही, पण आमच्या भागातल्याने इमानेइतबारे पाळलेला. एक जेम्स १८०७चा, तो ३४चा, लिहिला ३०. दुसरा १८११चा, तो ३०चा, लिहिला ३०. दोघांच्या बायकांचं नाव हॅना. दोघांचा धंदा 'लेड मायनर'. जन्म कुठे तर 'याच काउंटीत, होय', यापुढे १८४१ला काही विचारतच नव्हते. आता कुठल्या सॉफ्टवेअरने काय करावं? नाव तेच वय तेच बायको तीच, त्याने दोघांना एक केलं आणि खरं सांगायचं तर मीही केलं असतं.

धंद्यावरून एक गंमत. मी आधी दोन्ही जेम्स नाकारले होते कारण सासरे म्हणतात आम्ही कायम शेतकरी, आणि इथे तर खाणकामगार. पण स्वेलडेलमध्ये हे दोन वेगळे लोक नव्हतेच. लहानसं शेत, चार गाई, डोंगरावर मेंढ्या, आणि बाप्या माणूस शिशाच्या खाणीत, घरातली सगळी फावल्या वेळात मोजे विणायची. त्या दिवशी मोजणाऱ्याला जे सांगितलं ते लिहिलं गेलं. आमचा जेम्स १८४१ला मायनर, १८५१ला 'फार्मर, २४ एकर', ६१ला दोन्ही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरून येणाऱ्या स्वस्त शिशापुढे इथल्या खाणी बसल्या आणि लोक डरहमच्या कोळशाच्या खाणीत, बर्नलीच्या गिरण्यांत गेले. अमेरिकेतल्या मिसिसिपीकाठच्या शिशाच्या पट्ट्यात तर त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते, डब्यूक हे त्यातलंच गाव, म्हणून ते आयोवा माझ्या ट्रीमध्ये सारखं उगवत होतं. सांगायचं हे की धंदा जुळत नाही म्हणून माणूस फेकू नका.

१८४१चं मूळ पान एकदा उघडून बघाच, टाइप केलेला ट्रान्सक्रिप्ट नाही, फोटो. पेन्सिलीने लिहिलेलं, फिकट, आणि नावांच्या डाव्या बाजूला छोट्या तिरक्या रेघा दिसतील. दोन रेघा म्हणजे घर संपलं. एक रेघ म्हणजे घर तेच पण कुटुंब वेगळं. आमच्या जेम्सच्या घरात खाली 'जॉर्ज, ७०' असा एक म्हातारा होता, नातं १८४१ला लिहीत नसत, त्यामुळे सगळ्या ट्रीमध्ये तो जेम्सचा बाप म्हणून बसलेला. मी झूम करून बघितलं तर जेम्सच्या शेवटच्या पोरीनंतर एक बारीकशी रेघ. एकच. म्हणजे जॉर्ज त्याच छपराखाली पण वेगळ्या चुलीवर. तो बाप नव्हताच, बापाचं नाव थॉमस निघालं. एका पेन्सिलीच्या रेघेवर मागच्या पाच पिढ्या फिरल्या. आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये ती रेघ नसते! शिवाय ट्रान्सक्रिप्टवाल्याने सॅट्रन या आमच्या वाडीचं 'लॅट्रन' केलं होतं त्यामुळे गावाच्या नावाने सर्च केलं तर काहीच येत नव्हतं, ते वेगळंच.

तरी दोन जेम्स सुटेनात. तेव्हा सासऱ्यांनी गाडं मार्गी लावलं, आणि तेही न कळत. मी जेवताना वैतागून म्हटलं की तुमच्या खोऱ्यात शंभर जेम्स आहेत मी कुठला शोधू, तर ते शांतपणे म्हणाले, नाव काय विचारतेस, शेत कुठलं ते विचार. तिकडे माणसाला आडनावाने कोणी ओळखतच नाही, शेताच्या नावाने नाहीतर बापाच्या नावाने हाक मारतात, कारण आडनाव सगळ्यांचं तेच. मेंढ्यांचंही तसंच म्हणाले, तिथल्या मेंढ्या डोंगरावर आपापला तुकडा धरून राहतात, कुंपण नसलं तरी जात नाहीत, आई पिल्लाला शिकवते, याला ते हेफ्ट म्हणतात. म्हणून कूळ बदललं तरी कळप शेताबरोबरच राहतो. मी भाताचा घास तसाच धरून ऐकत होते. म्हणजे मी इतके दिवस नाव धरून बसले होते आणि धरायचं होतं घर.

तर इथून पुढे सगळं शेत धरून. १८१३पासून इंग्लंडमधल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला छापील रकाने आले, १८१२च्या कायद्याने, आणि त्यात एक रकाना राहण्याच्या ठिकाणाचा आणि एक बापाच्या धंद्याचा. जेम्सच्या पोरांचे सगळे बाप्तिस्मे काढले आणि फक्त ठिकाणाचा रकाना वाचत गेले. एका जेम्सची पोरं सगळी सॅट्रनची. दुसऱ्याची सगळी अँग्रमची, जे पार वर केल्डच्या बाजूला आहे. आणि अँग्रमवाल्याची १८४५नंतर पोरं बंद. तोच गेला आयोवाला! इतकं सोपं होतं हे.

पक्कं करायला जीआरओचा, म्हणजे सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसचा इंडेक्स. १ जुलै १८३७पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली हे बहुतेकांना माहीत असतं, पण दोन इंडेक्स आहेत हे माहीत नसतं. जुना छापील इंडेक्स, जो फ्रीबीएमडीवर फुकट शोधता येतो, त्यात आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. जीआरओने स्वतःच्या साइटवर नवीन केलेल्या इंडेक्समध्ये ते थेट १८३७पासून आहे. लॉगिन करून त्या आडनावाची, रीथ रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टमधली, दहा वर्षांतली सगळी पोरं काढा आणि आईच्या आडनावावरून ढीग करा. दोन्ही हॅनांची माहेरं वेगळी निघाली आणि पोरं आपोआप दोन ढिगांत पडली. एक सावध करते, आईच्या आडनावाच्या जागी नुसती डॅश असेल तर ती चूक नव्हे, ते मूल लग्नाबाहेरचं असतं बहुतेक. आणि आईचं माहेरचं आडनाव नवऱ्याचंच असेल तर तीही चूक नव्हे, तिथे ऑल्डरसनने ऑल्डरसनशी लग्न करणं म्हणजे रोजचंच.

मग टाइद मॅप. मला आवडलेला प्रकार हा. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायची पद्धत होती ती १८३६च्या कायद्याने पैशात बदलली, आणि त्यासाठी बऱ्याच टाउनशिपची (गावाच्या हद्दीची) मोजणी होऊन नकाशा आणि सोबत यादी झाली, साधारण पुढच्या पंधरा वर्षांत. यादीत प्रत्येक तुकड्याचा नंबर, मालक कोण, प्रत्यक्ष कसतो कोण, शेताचं नाव काय, गवत की नांगरट, क्षेत्र किती. सातबारा बघायची सवय असलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं, मालकाचा रकाना आणि कुळाचा रकाना. आमचे लोक कूळच होते हे त्यात स्पष्ट दिसलं, सासऱ्यांना वाटायचं जमीन कायम आपली होती, तो विषय मी वाढदिवसाला काढला नाही.

कूळ असणं ही वाईट बातमी नाही, उलट जमीनदाराकडे कागद असतात. इस्टेटचे भाडेपट्टे, खंडाच्या वह्या, मोजणीचे नकाशे. ते बघायला आधी जमीनदार कोण ते शोधायचं, तो टाइदच्या यादीत मिळतोच, आणि मग त्याचे कागद कुठल्या आर्काइव्हला गेलेत ते. वेन्स्लीडेलमधल्या लॉर्ड बोल्टनच्या इस्टेटचे नॉर्थॅलर्टनच्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसला आहेत, वोल्ड्सवरच्या स्लेडमियरच्या साइक्स घराण्याचे हल हिस्टरी सेंटरला, बोल्टन ॲबीचे तर चक्क डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थला कारण जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशायरची. गावात शोधत बसलात तर काही मिळणार नाही.

आणि ज्यांची थोडी का होईना स्वतःची जमीन होती त्यांच्यासाठी यॉर्कशायरमध्ये एक चीज आहे जी इंग्लंडच्या बहुतेक काउंट्यांत नाही, रजिस्ट्री ऑफ डीड्स. वेस्ट रायडिंगची वेकफील्डला १७०४पासून, ईस्ट रायडिंगची बेव्हर्लीला १७०८पासून, नॉर्थ रायडिंगची नॉर्थॅलर्टनला १७३६पासून. खरेदी, गहाण, काही मृत्युपत्रं, सगळ्यांचा गोषवारा तिथे मोठ्या मोठ्या व्हॉल्यूममध्ये उतरवलेला, आणि इंडेक्स आहे. एका गहाणखतात 'सॅट्रनचा थॉमस आणि त्याचा थोरला मुलगा जेम्स' असं एकाच वाक्यात मिळालं. दोन पिढ्या एका वाक्यात, आणि वर वाडीचं नाव. बाप्तिस्म्याच्या दहा नोंदींपेक्षा हे भारी.

मृत्युपत्र मिळत नाही ही तक्रार मी खूप जणांकडून ऐकलीय आणि नव्वद टक्के वेळा माणूस चुकीच्या दारात उभा असतो. १२ जानेवारी १८५८नंतरची सगळी एका राष्ट्रीय यादीत आहेत, ती सोपी. त्याआधी हे काम चर्चच्या कोर्टांकडे होतं. यॉर्कशायर म्हटलं की सगळे यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटकडे धावतात, बरोबर आहे, यॉर्कच्या कोर्टांची मृत्युपत्रं तिथेच आहेत. पण स्वेलडेल, वेन्स्लीडेल हा भाग आर्चडीकनरी ऑफ रिचमंड या चर्चच्या विभागात येत होता आणि ती आर्चडीकनरी १५४१पासून १८३६पर्यंत यॉर्कच्या नाही, चेस्टरच्या बिशपखाली होती! त्यातल्या पूर्वेकडच्या भागाची मृत्युपत्रं आज लीड्सच्या आर्काइव्हमध्ये, आणि पश्चिमेकडच्या म्हणजे सेडबर्ग, डेंट, बेंथम वगैरेंची लँकेशायर आर्काइव्ह्ज, प्रेस्टनला. मॅशमचं तर स्वतःचं वेगळं चर्च कोर्ट. मी लीड्समध्ये राहते, चार महिने यॉर्कच्या कॅटलॉगमध्ये डोकं खुपसून बसले होते आणि थॉमसचं मृत्युपत्र माझ्याच शहरात पडून होतं. त्यात जेम्सला काय दिलं होतं तर जुनं घड्याळ आणि सामायिक कुरणावर दहा मेंढ्या चारायचा हक्क. हा हक्क तिथे मोजून असतो, शेतागणिक इतक्या मेंढ्या, त्याला गेट म्हणतात, आणि तो विकता येतो, वाटून देता येतो.

अजून एक जागा जिथे लोक अडकतात ती म्हणजे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला इलाखा. दख्खनचं गाव डोळ्यापुढे आणू नका, एक गाव एक देऊळ असं नाही. डेल्समधल्या पॅरिश अवाढव्य. ग्रिंटनची पॅरिश म्हणजे जवळजवळ सगळं स्वेलडेल, पूर्वी वरच्या टोकाचे लोक मृतदेह खांद्यावर घेऊन मैलोन्मैल चालत ग्रिंटनला पुरायला यायचे, त्या वाटेला अजून कॉर्प्स रोड म्हणतात. १५८०ला म्यूकरला चॅपल झालं तेव्हा ती पायपीट वाचली. पण कागदोपत्री म्यूकर ग्रिंटनचंच पोटचॅपल, त्यामुळे काही साइट्सवर म्यूकरच्या नोंदी ग्रिंटनखाली, काहींवर उलट. दोन्हीकडे शोधा. शिवाय पॅरिश रजिस्टर फाटलं, उंदराने खाल्लं असेल तर बिशपकडे दर वर्षी पाठवलेली नक्कल बघा, तिला सगळे बीटी (बिशप्स ट्रान्सक्रिप्ट) म्हणतात. दोन्ही असतील तर दोन्ही बघा, कधी कधी नकलेत मुळापेक्षा एखादा शब्द जास्त असतो.

आणि कुठल्याच चर्चमध्ये नसेल तर माणूस मेथडिस्ट, इंडिपेंडंट नाहीतर क्वेकर (अँग्लिकन चर्चच्या बाहेरचे ख्रिस्ती पंथ) असण्याची शक्यता धरा. डेल्समध्ये ही मंडळी भरपूर. १८३७ आणि १८५७ला या लोकांनी आपली बरीच रजिस्टर्स सरकारजमा केली, ती नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ आणि क्वेकरांची आरजी ६ या नंबरखाली आहेत. लग्न मात्र १७५४पासून १८३७पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच करावं लागायचं, म्हणून लग्न चर्चमध्ये सापडलं आणि पोरं एकही सापडत नाही असा नमुना दिसला की समजायचं घर चॅपलवाल्यांचं, म्हणजे या पंथांपैकी कुणाचं तरी.

सासूबाईंचं माहेर ईस्ट रायडिंगचं, ड्रिफील्डजवळ वोल्ड्सवर, आणि तिथलं दुखणं एकदम वेगळं. तिथे नावं वेगवेगळी, पण माणूसच जागेवर नसतो. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की घरातून गायब, आणि बारा वर्षांनी तिसऱ्याच गावात बायकोपोरांसकट उगवतो. याचं उत्तर सालगडी. आपल्याकडे पाडव्याला गडी साल धरतो ना, तसं तिथे मार्टिनमसला, नोव्हेंबरमध्ये. बाजाराच्या गावात हायरिंग फेअर भरायची, शेतकरी पोराला उभं करून बघायचा, बोली ठरली की हातावर एक नाणं ठेवायचा, त्याला फेस्ट म्हणत, ते घेतलं की वर्षभर बांधला. जेवण राहणं मालकाकडेच, पगार वर्षाच्या शेवटी, आणि पुढच्या मार्टिनमसला बहुतेक पोरं दुसरीकडे. जनगणना व्हायची वसंतात, तेव्हा पोरगं मालकाच्या घरात 'फार्म सर्व्हंट' म्हणून बसलेलं सापडतं, आईबापाच्या घरात नाही. म्हणून त्याला घरात शोधूच नका, आसपासच्या दहा-पंधरा मैलांतल्या मोठ्या शेतांवर नाव, वय आणि जन्मगाव टाकून शोधा. १८३४च्या आधीचा असेल तर पॅरिशच्या पेटाऱ्यातले सेटलमेंटचे कागद बघा. एका गावी पूर्ण वर्ष साल केलं की आजारी पडल्यावर पोसायची जबाबदारी त्या गावावर यायची, म्हणून काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांचाच करार करायचे (माणसं सगळीकडे सारखीच). भिकेला लागलेल्या माणसाची तपासणी व्हायची आणि तो कुठे जन्मला, कुणाकडे किती वर्षं राबला हे सगळं लिहून घ्यायचे. श्रीमंताचं एवढं चरित्र मिळत नाही.

जन्मगावाचंही ऐका. सासूबाईंची एक पणजी १८६१ला 'जन्म थॉर्नटन' म्हणाली. मोजा आता: थॉर्नटन-ली-डेल, थॉर्नटन रस्ट, थॉर्नटन स्टूअर्ड, थॉर्नटन वॉटलस, थॉर्नटन-ली-मूर, थॉर्नटन-ली-स्ट्रीट, थॉर्नटन-ली-बीन्स (खरंच आहे हे), बिशप थॉर्नटन, थॉर्नटन-इन-क्रेव्हन, थॉर्नटन-इन-लॉन्सडेल, ब्रॅडफर्डचं थॉर्नटन, आणि पॉकलिंग्टनजवळचं नुसतं थॉर्नटन. सगळी यॉर्कशायरमध्ये. तिचं शेवटचं होतं, कारण पुढच्या दोन जनगणनांमध्ये तिने थोडं वेगळं सांगितलं आणि एकदा 'पॉकलिंग्टनजवळ' निघालं. एका जनगणनेवर विश्वास ठेवू नका, त्या माणसाच्या सगळ्या काढा. किर्कबी नावाच्या गावांचंही हेच.

सॉफ्टवेअर इथे उलट त्रास देतं. रिचमंड टाइप केलं की पहिलं सुचवतं व्हर्जिनिया. आणि १९७४ला सरकारने सीमा हलवल्या, रायडिंग गेल्या, सेडबर्ग आणि डेंट कंब्रियात गेले, टीसच्या दक्षिण काठचा काही भाग डरहमला, बार्नॉल्ड्सविक लँकेशायरला. साइटने आजचं नाव आपोआप भरलं आणि तुम्ही 'यॉर्कशायर' फिल्टर लावला की तो माणूस गायब. फिल्टर काढा, ठिकाणाचं नाव त्या काळात होतं तसं हाताने लिहा. गाव नेमकं कुठे ते बघायला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने सहा इंची (मैलाला सहा इंच) ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट आहेत, यॉर्कशायरचे १८४०-५०च्या दशकातले, एकेकटं शेत नावानिशी दिसतं.

१८१३च्या मागे गेलात की नशिबाचा खेळ. यॉर्क डायोसीसमध्ये (यॉर्कच्या आर्चबिशपच्या इलाख्यात) विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने सविस्तर रजिस्टरची पद्धत काढली होती आणि १७७७ला आर्चबिशप मार्कहमने ती सगळीकडे वापरा म्हणून सांगितलं. तुमच्या गावाच्या पाद्र्याने ऐकलं असेल तर एका बाप्तिस्म्यात बाप, आई, दोन्हीकडचे आजोबा, त्यांची गावं, धंदे आणि हे कितवं मूल, सगळं मिळतं, लॉटरीच. सासूबाईंच्या बाजूला लागली. आमच्याकडे 'जेम्स, थॉमसचा मुलगा' एवढंच. १७८३पासून १७९४पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ, त्यामुळे त्या काळातलं एखादं मूल सापडत नसेल तर कर जाण्याआधीची आणि गेल्यानंतरची दोन-चार वर्षं बघा, काही जणांनी नंतर एकदमच उरकले. १७५२च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं म्हणून फेब्रुवारीत जन्मलेलं मूल लग्नाच्या आधीचं वाटतं, वाटू द्या, वर्ष एकने पुढे मोजा. १७३३च्या आधीची मॅनॉरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या कोर्टाची दप्तरं लॅटिनमध्ये, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, याकोबस म्हणजे जेम्स.

आणि अलीकडच्या काळात यायचं तर १९१०च्या सुमाराला जमिनीच्या किमती ठरवायला केलेल्या पाहणीच्या वह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि १९४१ ते ४३चा नॅशनल फार्म सर्व्हेही, एमएएफ ३२ या नंबरखाली. त्यात प्रत्येक शेताची जनावरं, पीक, पाण्याची सोय, आणि शेतकऱ्याला ए बी किंवा सी ग्रेड. ए नसेल तर कारण लिहायचं, म्हातारपण, भांडवल नाही, किंवा 'वैयक्तिक दोष'! सासऱ्यांच्या आजोबांना बी मिळाला होता, कारण म्हातारपण. सासऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, त्या माणसाला आमच्या डोंगरावर चढून तरी दाखव म्हणावं. त्यांना आजोबांचं तोंडही अंधुक आठवतं पण राग कालचा.

तर आमच्या शेताची १८४१पासून १९४१पर्यंत पुरी शंभर वर्षं लागली: टाइद, जनगणना, १९१०, फार्म सर्व्हे, मध्ये कुठेही भोक नाही. फ्रेममध्ये थॉमसपर्यंतच गेले, त्याच्या वर नाव लिहिलं नाही, जागा मोकळी सोडली कारण १७८०च्या आसपास सॅट्रनच्या वाडीत दोन थॉमस आहेत आणि अजून एकावरही काट मारता आलेली नाही.

काल संध्याकाळी साइटची परत मेल आली. तुमच्या जेम्सबद्दल नवीन माहिती मिळाली आहे, डब्यूक, आयोवा. मी 'इग्नोर' दाबलं, आणि त्याच्या खाली नोट लिहायची सोय असते तिथे लिहून ठेवलं, हा अँग्रमचा.